चार बंदरांवरील चार डेटाबेसांचा स्कीमा एका रेषेत कसा आणावा?

सुरुबन (रत्नागिरी)

नमस्कार. मच्छीमार सहकारी संस्थांसाठी लिहिलेली एक हिशेबप्रणाली अलीकडे आमच्याकडे देखभालीसाठी आली आहे. लिलावाच्या नोंदी आणि डिझेल-बर्फाची उधारी तिच्यात ठेवली जाते. मिरकरवाडा, हर्णै, जयगड आणि मालवण येथे ती चालते. इंटरनेटचा भरवसा नसल्यामुळे प्रत्येक ठिकाणी स्वतंत्र सर्व्हर आणि स्वतंत्र पोस्टग्रेस (डेटाबेस चालवणारी प्रणाली) आहे. तीन ठिकाणी आवृत्ती १४ आहे, एका ठिकाणी अजून १०. पूर्वीच्या मंडळींनी गरज पडेल तसे पीजीअ‍ॅडमिन या पोस्टग्रेस हाताळण्याच्या साधनातून थेट कॉलम वाढवले असल्यामुळे चारही स्कीमा (टेबल आणि कॉलमची रचना) आता एकमेकांशी जुळत नाहीत.

त्यातच एक मोठा बदल करायचा आहे. लिलावाच्या टेबलमध्ये ‘वजन’ हा एकच कॉलम आहे आणि तो किलोमध्ये आहे असे गृहीत धरलेले आहे. प्रत्यक्षात कोळंबी किलोवर जाते, बांगडा पाटीवर आणि मोठी सुरमई कधी कधी नगावर, त्यामुळे कारकून वजनात आकडा टाकून शेऱ्यात ‘पाटी’ असे लिहितात. तेथे ‘परिमाण’ आणि ‘एकक’ असे दोन कॉलम हवे आहेत. अडचण अशी की बंदरावरील काउंटर, डिझेल पंप आणि कार्यालय येथील संगणकांवर नवी आवृत्ती एकाच दिवशी कधीच पोहोचत नाही. पुढील बदलांसाठी फ्लायवे (स्कीमाचे बदल क्रमांकित फाइलींतून क्रमाने लागू करणारे साधन) वापरण्याचा विचार आहे, परंतु सुरुवात कोठून करावी?

खाडीकाठ (चिपळूण)

सुरुवात नव्या कॉलमपासून करू नये. आधी चारही ठिकाणांहून पीजी-डंप या पोस्टग्रेसची प्रत काढणाऱ्या साधनाने केवळ स्कीमा काढून घ्यावा, डेटा नको, आणि त्या चार मजकुरांची ओळीओळीने तुलना करावी. त्यातून सर्वांना मान्य असा एक संदर्भ-स्कीमा ठरवावा, आणि प्रत्येक बंदराला तेथपर्यंत आणणारी वेगळी जुळवणी-स्क्रिप्ट लिहावी. ही स्क्रिप्ट एकदाच चालायची असल्यामुळे ती फ्लायवेच्या क्रमात घालू नये. चारही डेटाबेस एकसारखे झाल्याचे पुन्हा डंप काढून पाहिल्यानंतरच फ्लायवेची ‘बेसलाइन’ आज्ञा द्यावी. त्या आज्ञेमुळे इतिहासाच्या टेबलमध्ये केवळ ‘हा डेटाबेस या क्रमांकापर्यंत आलेला आहे’ अशी नोंद होते. डेटाबेस खरोखर तसा आहे की नाही हे ती तपासत नाही. म्हणून घाईने बेसलाइन घातली, तर जुनी तफावत तशीच राहते, फक्त कागदोपत्री दिसेनाशी होते.

जुळवणी लिहिताना ‘अ‍ॅड कॉलम इफ नॉट एक्झिस्ट्स’ या ‘नसेल तरच कॉलम वाढवा’ अशा आज्ञेवर विसंबू नये, कारण ती आज्ञा केवळ नाव पाहते. मालवणला ‘बर्फ_दर’ न्यूमरिक (संख्या) असेल आणि जयगडला व्हारकॅर (मजकूर) असेल, तर जयगडला ती काहीही न करता यशस्वी होईल आणि चूक महिन्याअखेरीच्या बेरजेत उघडी पडेल.

एकदा एखाद्या बंदरावर चाललेली मायग्रेशन (स्कीमा-बदलाची) फाइल नंतर कधीही दुरुस्त करू नये. फ्लायवे प्रत्येक फाइलचे चेकसम (मजकुरावरून काढलेली खूण-संख्या) जपून ठेवते आणि मजकूर बदलला की पुढे जाण्यास नकार देते. हा नकार अनेकांना जाच वाटतो, पण चार वेगळे सर्व्हर सांभाळणाऱ्यासाठी तोच खरा आधार आहे. दुरुस्ती हवी असेल तर पुढच्या क्रमांकाची नवी फाइल लिहावी.

निवतीकर (सिंधुदुर्ग)

वरील सर्व मान्य. मूळ बदलाविषयी लिहितो.

‘वजन’चे नाव बदलू नका. नाव बदलताच डिझेल पंपावरील जुनी आवृत्ती त्या क्षणी बंद पडेल. त्याऐवजी पहिल्या मायग्रेशनमध्ये ‘परिमाण’ आणि ‘एकक’ हे दोन्ही कॉलम नल (रिकामे) चालेल असे, डिफॉल्ट (आपोआप भरले जाणारे मूल्य) न देता वाढवा. डिफॉल्ट टाळण्याचे कारण तुमचा आवृत्ती १० चा सर्व्हर आहे: ११ पासून स्थिर डिफॉल्टसह कॉलम वाढवताना टेबल नव्याने लिहिले जात नाही, पण १० मध्ये संपूर्ण टेबल लिहिले जाते आणि तोपर्यंत ते सर्वांसाठी बंद असते. त्या आवृत्तीचा अधिकृत आधार नोव्हेंबर २०२२ मध्येच संपला आहे, तेव्हा तिची बढती हे स्वतंत्र काम म्हणून लवकर हाती घ्यावे.

त्यानंतर एक ट्रिगर (नोंद होताच डेटाबेसने आपोआप चालवायची आज्ञा) घाला. जुन्या आवृत्तीने ‘वजन’ भरले तर त्यातून नवे कॉलम भरावेत, आणि नव्या आवृत्तीने नवे कॉलम भरले तर जुने ‘वजन’ही भरावे. पाटी किंवा नगाच्या बाबतीत ‘वजन’मध्ये काय जावे, हे संस्थेला विचारून ठरवा, तो प्रोग्रामरचा निर्णय नव्हे. जुन्या नोंदी प्राथमिक कीच्या (प्रत्येक नोंदीची ओळख ठरवणाऱ्या कॉलमच्या) क्रमाने काही हजारांच्या तुकड्यांत भराव्यात आणि प्रत्येक तुकड्यानंतर कमिट करावे (बदल कायम करावेत). एकाच अपडेटने सर्व ओळी बदलल्या, तर पोस्टग्रेस प्रत्येक ओळीची नवी प्रत लिहिते आणि टेबल विनाकारण फुगते. शेऱ्यातील ‘पाटी’, ‘पाट्या’, ‘पा.’ अशी सर्व रूपे आधी मोजून पाहा. जी ओळखता येणार नाहीत, त्यांचे ‘एकक’ नल ठेवून यादी कारकुनाकडे द्या.

एक सूचना विशेष महत्त्वाची आहे. प्रत्येक मायग्रेशनच्या आरंभी लॉक-टाइमआउट (टेबलाचा ताबा मिळण्यासाठी थांबण्याची मर्यादा) काही सेकंदांवर ठेवा. ‘ऑल्टर टेबल’ (टेबलाची रचना बदलणे) स्वतः क्षणात होत असले, तरी कार्यालयात कोणी वर्षाचा अहवाल काढत असेल तर ते त्याच्या मागे थांबून राहते, आणि नंतर आलेली प्रत्येक साधी क्वेरीदेखील त्याच्या मागे रांगेत उभी राहते. ऐन सायंकाळच्या लिलावात हे घडले, तर तुमचा फोन रात्रीपर्यंत वाजत राहील.

सुरुबन (रत्नागिरी)

दोघांचेही आभार. जुना ‘वजन’ कॉलम शेवटी कधी काढावा? आणि परत फिरण्यासाठी प्रत्येक बदलाची उलटी स्क्रिप्ट लिहून ठेवावी काय?

खाडीकाठ (चिपळूण)

उलट्या स्क्रिप्टविषयी माझे मत थोडे कडवट आहे. कॉलम वाढवण्याची उलटी आज्ञा म्हणजे कॉलम काढणे, आणि त्याबरोबर मधल्या काळात भरलेल्या नोंदीही जातात. त्यामुळे मायग्रेशनपूर्वीचा बॅकअप दुसऱ्या संगणकावर प्रत्यक्ष उतरवून पाहणे आणि चुकल्यास पुढे जाणारी दुरुस्ती लिहिणे मला अधिक विश्वासाचे वाटते.

कॉलम काढण्यासाठी १ जून ते ३१ जुलै हा यांत्रिक नौकांच्या मासेमारीबंदीचा काळ सोयीचा आहे, कारण तेव्हा लिलाव जवळजवळ थंडावलेला असतो. त्याआधी ट्रिगरमध्ये जुन्या मार्गाने आलेल्या नोंदींची खूण ठेवा. मे अखेरीस ती एकही सापडली नाही, तरच ट्रिगर आणि कॉलम दोन्ही काढा, अन्यथा पुढच्या वर्षावर ढकला. मात्र त्याच काळात वीजही वारंवार जाते. पोस्टग्रेसमध्ये बहुतेक स्कीमा-बदल ट्रान्झॅक्शनमध्ये (सर्व पूर्ण किंवा काहीच नाही अशा गटात) होत असल्यामुळे मध्येच वीज गेली तरी सर्व पूर्वस्थितीत येते, पण ‘क्रिएट इंडेक्स कॉन्करंटली’ (टेबल न अडवता इंडेक्स, म्हणजे शोधसूची, बनवण्याची आज्ञा) ट्रान्झॅक्शनमध्ये चालत नाही आणि अर्धवट राहिल्यास अवैध इंडेक्स मागे उरतो. अशी आज्ञा वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, आणि ती चालवण्यापूर्वी त्या बंदरावरील यूपीएसची बॅटरी किती वेळ टिकते ते फोन करून विचारून घ्या.