कोर्टाचा अवमान झाला की नाही, हे रजिस्ट्रारने ठरवायचं का?

म्हापशेकर: आमच्या शेजारच्या मावशींची वाट भाटकाराने, म्हणजे जमीनमालकाने, चिऱ्यांचा गडगा घालून अडवली. वाट मोकळी करा, असा कोर्टाचा आदेश झाला. भाटकाराने चार चिरे काढले. माणूस अंग चोरून जाईल एवढीच फट. गॅसचा सिलिंडर अजून दोघांनी गडग्यावरून उचलून आत घ्यावा लागतो. मावशींनी अवमान याचिका घातली, ती रजिस्ट्रीतून, म्हणजे कोर्टातल्या रजिस्ट्रारच्या कार्यालयातून, शेरा मारून परत आली: ‘आदेशाचे पालन झालेले दिसते.’ कुणाला दिसते? पानं मोजा, सही-शिक्के बघा, पण पालन झालं की नाही हे न्यायाधीशांनीच ठरवायला हवं.

फोंड्याचा वकील: तुमचा राग समजतो, पण छाननी हवीच. हरलेला प्रत्येक पक्षकार उठून अवमान याचिका घालतो. प्रतिज्ञापत्र नाही, आदेशाची प्रत नाही, वर्ष उलटून गेलेलं. फौजदारी अवमानात, म्हणजे कोर्टाची बदनामी किंवा न्यायाच्या कामात अडथळा आणला असेल तर, १९७१च्या अवमान कायद्याच्या कलम १५ प्रमाणे खासगी माणसाला ॲडव्होकेट जनरलची, म्हणजे राज्याच्या सर्वोच्च सरकारी वकिलाची, लेखी संमती लागते. ती जोडली आहे का, हे रजिस्ट्रारने विचारलं तर काय चुकलं? शिवाय अवमान हा कोर्ट आणि अवमान करणारा यांच्यातला विषय. याचिकाकर्ता फक्त कोर्टाच्या कानावर घालतो.

म्हापशेकर: मग ते कोर्टाच्या कानापर्यंत जाऊ तरी द्या! आणि मावशींचं प्रकरण दिवाणी अवमानाचं आहे, त्याला संमती लागत नाही.

मडगावची वाचक: वकीलसाहेब, तुमचाच मुद्दा तुमच्यावर उलटतो. अवमान कोर्टाचा असेल, तर तो झाला की नाही हे कोर्टच सांगणार. त्याच १९७१च्या कायद्यात दिवाणी अवमान म्हणजे आदेशाचा जाणूनबुजून केलेला भंग. भाटकाराने मुद्दाम फट ठेवली की त्याला आदेशच नीट कळला नाही, हे दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय कसं कळणार? शिक्षा सहा महिन्यांपर्यंत साध्या कैदेची. एवढ्या गंभीर गोष्टीचा ‘हो’ रजिस्ट्रारच्या हाती नाही, तर ‘नाही’ तरी कसा असेल? नोटिशीवर त्यांची सही असते, पण ती कोर्टाच्या हुकमाने.

फोंड्याचा वकील: पालनाबद्दलचा शेरा चुकला, एवढं मान्य. पण कागदांतल्या त्रुटी काढणं हे त्यांचं काम आहे आणि ते त्यांनी कडकपणे करावं. नाहीतर खऱ्या प्रकरणांची पाळीच येणार नाही. संमतीबाबत मी मागे हटणार नाही.

मडगावची वाचक: त्रुटी काढा, मुदत द्या. हरकत याचिकाकर्त्याला मान्य नसेल तर कागद न्यायाधीशांसमोर ठेवा, एवढंच म्हणणं आहे. संमती नसली तरी कोर्ट स्वतःहून दखल घेऊ शकतं; ती घ्यायची की नाही, हेही रजिस्ट्रीच्या टेबलावर ठरत नाही.

म्हापशेकर: आणि या फेऱ्यांत अवमानाच्या कारवाईची कलम २०ची एक वर्षाची मुदत संपली तर?

फोंड्याचा वकील: २००१च्या पल्लव शेठ निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, अर्ज वर्षाच्या आत दाखल झालेला असला की पुरे, कोर्टाची कारवाई नंतर सुरू झाली तरी चालते. म्हणून दाखल केल्याच्या तारखेची पावती जपून ठेवायला सांगा. आणि हरकतीला लेखी उत्तर द्या: हा प्रश्न न्यायनिर्णयाचा आहे, प्रकरण न्यायाधीशांपुढे ठेवावं. सोबत त्या फटीचा फोटो जोडा, टेप लावून, रुंदी दिसेल असा.

म्हापशेकर: पावती मावशींच्या पिशवीत आहे. टेप घेऊन सकाळीच जातो.