टेस्ट नदीवर सप्टेंबरअखेरीस ट्राउट माशीपाशी येऊन परत का फिरतो?

प्रश्न:
सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात इंग्लंडमधील हॅम्पशायरच्या टेस्ट नदीच्या एका पट्ट्यावर मी दिवसभर फ्लाय फिशिंग, म्हणजे गळावर बांधलेल्या कृत्रिम माशीने मासेमारी, केली. तिथे केवळ तरंगती माशी, तीही प्रवाहाच्या वरच्या दिशेने टाकण्याची मुभा होती. पाणी इतके नितळ होते की पाणवनस्पतींच्या दोन पट्ट्यांमध्ये, गारगोट्यांवर थबकलेला ट्राउट मासा काठावरून दिसत होता. चार वेळा तो वर आला, माझ्या माशीला नाक लावून हातभर तिच्यासोबत मागे वाहत आला आणि पुन्हा खाली गेला. शेजारच्या खऱ्या माश्या मात्र बिनदिक्कत टिपत राहिला. चूक माशीच्या निवडीत होती की टाकण्यात?

उत्तर १:
माझ्या मते टाकण्यात. वनस्पतींच्या पट्ट्यांमुळे तिथे वीतभर अंतरावरही धारेचा वेग बदलतो. दोरी वेगवान धारेत आणि माशी संथ पाण्यात पडली, की दोरी माशीला ओढते. आपल्याला न जाणवणारी ती ओढ, म्हणजे ड्रॅग, खालून पाहणाऱ्या माशाला लगेच कळते. माशी बदलण्याआधी उभे राहण्याची जागा बदलावी. माशाच्या मागे, किंचित तिरपे उभे राहावे आणि लीडरचे, म्हणजे दोरी व माशी जोडणाऱ्या पारदर्शक धाग्याचे, टोक लांब व बारीक ठेवून ते सैल पडेल असे टाकावे.

उत्तर २:
वरील मताशी सहमत आहे, पण माशीचा आकारही तपासावा. या दिवसांत १६ किंवा १८ क्रमांकाच्या लहान गळावरील ऑलिव्ह, म्हणजे नदीतल्या हिरवट माशीची नक्कल, पुरते. सकाळी घाई करू नये, कारण थंड दिवसांत माश्या बहुधा दुपारच्या उबेत निघतात. खडूच्या खडकातून झिरपून येणारे पाणी वर्षभर सुमारे १० अंशांचे असते. गारठते ती हवा. वारा सुटून कुरणातले डॅडी लाँगलेग्ज, म्हणजे लांब पायांचे उडते किडे, पाण्यावर पडू लागले, तर त्यांच्यासारखी माशी बांधावी. एरवी चिकित्सक असलेला ट्राउटही तिच्यावर झडप घालतो.

उत्तर ३:
एक पुरवणी. या सुमारास ट्राउटच्या माद्यांच्या पोटात अंडी भरत असतात, त्यामुळे टोकाशी उलटा काटा नसलेला गळ वापरावा आणि मासा पाण्याबाहेर न काढताच सोडावा. ट्राउटचा हंगाम संपल्यावरही अनेक पट्ट्यांवर ग्रेलिंग हा दुसरा मासा १४ मार्चपर्यंत धरता येतो. तो तळातून उसळून येतो आणि पुष्कळदा माशी चुकवतो, तेव्हा एका हुकलेल्या उसळीनंतर लगेच माशी बदलू नये.