एकटा महाकाय तारा: तिथेच जन्मला की भिरकावला गेला?

होटगीकर: संक्रांतीनंतर मंगळवेढा रस्त्याला शहराचा उजेड मागे टाकून दुर्बीण लावली. मृगाच्या तलवारीच्या टोकाचा आयोटा हा तारा पाहिला, मग वर सारथी तारकासमूहातला एई हा तारा. साधा ठिपका. पण हा आणि कपोत तारकासमूहातला म्यू हा तारा, दोघे सेकंदाला सुमारे 100 किमी वेगाने विरुद्ध दिशांना पळतायत. वाटा उलट मोजल्या की साधारण 25 लाख वर्षांपूर्वी दोघे मृगातच भेटतात! माझं मत ठाम आहे: महाकाय तारा एकटा दिसला तर तो ताऱ्यांच्या ज्या समूहात जन्मला त्यातून बाहेर फेकलेलाच.

तळ्याकाठी: दोन ताऱ्यांवरून सगळ्यांचा न्याय करू नका. सेकंदाला 30 किमीच्या पुढे वेग असेल तरच 'पळालेला' म्हणतात. धिम्यांचं काय? आसपासच्या वायूबरोबरच सरकणारा तारा तिथेच जन्मला, असं का मानू नये?

होटगीकर: धिमा तारासुद्धा लांब जातो की ओ. सेकंदाला 10 किमी म्हणजे 10 लाख वर्षांत 33 प्रकाशवर्षं. 50 लाख वर्षांत 160 च्या वर! तोवर त्याचा समूहही विखुरलेला असतो. सोलापूरच्या गड्डा जत्रेच्या गर्दीत चुकलेलं पोर हळू चालत होतं म्हणून ते होम मैदानातच जन्मलं असं म्हणणार का?

बाळे पूल: फेकलं कसं, हेही बघा. खगोलशास्त्रज्ञ ब्लाऊ यांनी 1961 मध्ये जोडीदार ताऱ्याच्या स्फोटाचं कारण मांडलं, पोवेदा आणि सहकाऱ्यांनी 1967 मध्ये समूहातल्या ताऱ्यांच्या गुरुत्वाकर्षणाच्या ओढाताणीचं. मला दुसरं जास्त पटतं. मोठा मॅगेलनी मेघ या शेजारच्या दीर्घिकेतल्या आर 136 या ताऱ्यांच्या समूहातून निसटलेले 55 तारे गाया या अवकाश दुर्बिणीच्या मोजमापांतून सापडले, 2024 मध्ये. तो समूह इतका कोवळा आहे की स्फोट व्हायचं वयच झालेलं नाही. शिवाय ते दोन लाटांत निघाले: एक 18 लाख वर्षांपूर्वी, दुसरी अवघ्या 2 लाख.

तळ्याकाठी: आर 136 चं मान्य. पण गाया मुख्यतः आडवी चाल टिपायची. आडवा वेग नगण्य असलेला तारा सरळ आपल्याकडे धावत असू शकतो, ते वर्णपटातून कळतं. हे तुमच्या बाजूचं झालं, तेही सांगतो. पण तिन्ही दिशांचा वेग भोवतालच्या वायूशी जुळला, भोवती ढगही शाबूत असला, तर मी त्याला तिथलाच म्हणणार.

होटगीकर: असा एक तारा दाखवा. मी पुन्हा दुर्बीण काढतो.