शहरी युरोपला एक बॉडी, एक लेन्स. बाकीचं घरीच ठेवा!

तिरपा डोळा (धागाकर्ता):

गेल्या सप्टेंबरात आम्ही चौघं (मी, बायको, नऊ वर्षांची लेक आणि आई) प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट करून आलो. येत्या मेअखेरीस पॅरिस आणि अ‍ॅमस्टरडॅमचं ठरतंय. बॅग भरायला वेळ आहे, पण माझं मत पक्कं झालंय आणि ते मांडून शिव्या खायची तयारी आहे.

मागच्या वेळी नेलेला संसार असा: निकॉन डी७५० (बॅटरीसकट ८४० ग्रॅम), २४-७० एफ २.८ (९०० ग्रॅम), १४-२४ (९७० ग्रॅम) आणि ७०-२०० एफ २.८ (दीड किलोच्या वर). (आकडे लेन्सच्या मिलिमीटरचे: लहान आकडा म्हणजे रुंद दृश्य, मोठा म्हणजे लांबचं जवळ. एफचा आकडा जितका लहान तितका प्रकाश जास्त.) नुसता कॅमेरा आणि लेन्सा सव्वाचार किलो. ट्रायपॉड, चार्जर आणि खुद्द बॅग धरून घरच्या काट्यावर सात किलोला जरा कमी भरलं. म्हटलं, नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढलेला माणूस मी, सात किलोचं काय घेऊन बसलात!

गडावर एकदा चढतो, एकदा उतरतो, मध्ये कुठेतरी पिठलं-भाकरी खाऊन आडवे होतो. शहरात तसं नसतं. दिवसभर दगडी फरसबंदीवर चालायचं, ट्राममध्ये उभं राहायचं, रांगेत उभं राहायचं. व्हिएन्नाच्या श्टेफान्सडोम कॅथीड्रलच्या दक्षिण मनोऱ्याला ३४३ पायऱ्या आहेत, गोल गोल आणि अरुंद. समोरून उतरणारी माणसं आली की मी बॅगेसकट भिंतीला पालीसारखा चिकटायचो. वर पोचलो तर छोट्या खिडक्यांची खोली. ७०-२०० बाहेर काढायची तर २४-७० ठेवायला जागा नाही. ती लेकीच्या हातात दिली आणि खिडकीबाहेर बघायचं सोडून मी तिच्या बोटांकडे बघत बसलो.

प्रागच्या कार्ल पुलावर लेकीनेच मला सुनावलं, “बाबा, तू झिप लाव, मग आपण जाऊ.” दहा दिवसांत तिने हे वाक्य किती वेळा म्हटलं असेल, देव जाणे.

परत आल्यावर लाइटरूममध्ये (फोटोंचं सॉफ्टवेअर) ठेवणीतल्या फोटोंना फोकल लेंथची, म्हणजे लेन्सच्या मिलिमीटरची, चाळणी लावली. बहुतेक सगळे २८ ते ५०च्या मधले. १४-२४चे फोटो म्हणजे चर्चची छतं. सगळ्या चर्चची सगळी छतं. आता कुठलं कुठलं ते मलाच ओळखू येत नाही.

तर पॅरिसला डी७५० आणि ३५ एफ १.८ (३०५ ग्रॅम). एकूण ११४५ ग्रॅम. एफ ४च्या झूमपेक्षा जवळजवळ पाचपट प्रकाश आत येतो, त्यामुळे ट्रायपॉडही बाद. शहरात टेलीला (लांबचं जवळ आणणारी लेन्स) काम नसतं, आणि वाइडची (रुंद दृश्य घेणारी) हौस दोन पावलं मागे सरकून भागते. ज्यांना पटत नाही त्यांनी या अंगावर.

कोकणकडा:

जोरदार असहमत. आलोच अंगावर.

“दोन पावलं मागे सरकून.” कुठे सरकणार? प्रागच्या किल्ल्यात सेंट व्हायटस कॅथीड्रलच्या पश्चिम दारासमोर उभे राहिला होतात ना? पाठीला समोरची इमारत लागते आणि तरी मनोरे चौकटीत मावत नाहीत. ३५ने एक तर पाया घ्या नाहीतर शेंडा. मान वर करून घेतलात तर चर्च मागे कलंडलेलं दिसतं, मग घरी येऊन सॉफ्टवेअरमध्ये सरळ करत बसा आणि कडा गमवा.

आणि टेलीला काम नाही? कार्ल पुलाच्या जुन्या शहराकडच्या मनोऱ्यावर सकाळी चढा. ५१६ मीटर लांबीचा पूल, दोन्ही बाजूंना मिळून तीस पुतळे, आणि मागे किल्ला. २०० मिमीला पुतळे एकापाठी एक असे उभे राहतात जसे वारीत वारकरी. हाच फोटो ३५ने काढा. पूल दिसेल, आकाश दिसेल, पुतळे मुंग्यांएवढे. लेत्नाच्या टेकडीवरून नदीवरचे पूल एकापुढे एक रचलेले दिसतात, तेही टेलीचंच काम.

पॅरिसला सेंत-शापेल या चर्चमध्ये जाणारच असाल. पंधरा खिडक्या, प्रत्येक साधारण पंधरा मीटर उंच, आणि सगळ्यांत मिळून १११३ प्रसंग रंगीत काचेत मांडलेले. ३५ने काय येणार? निळा-लाल गालिचा. त्यातला एखादा प्रसंग, एखादा चेहरा बघायचा असेल तर टेलीच हवी. मी तर म्हणतो, तिथे टेली ही दुर्बीण म्हणून न्या, फोटो नाही काढला तरी चालेल.

तुमची चूक लेन्सा नेण्यात नव्हती, चुकीच्या लेन्सा नेण्यात होती. एफ २.८ची त्रिमूर्ती लग्नाच्या हॉलसाठी असते. २४-१२० एफ ४ (७१० ग्रॅम) आणि खिशात ८५ एफ १.८ (३५० ग्रॅम) नेली असतीत तर हा धागा निघालाच नसता.

काटेकोर:

एक दुरुस्ती. पुतळे जवळजवळ दिसतात ते टेलीमुळे नाही, लांब उभे राहिल्यामुळे. त्याच मनोऱ्यावरून ३५ने काढून मधला तुकडा कापला तरी पुतळे तसेच रचलेले दिसतील. टेली फक्त तो तुकडा पूर्ण पिक्सेलांत देते.

कोकणकडा:

@काटेकोर, मास्तर, मान्य. ३५चा मधला तुकडा २००च्या चौकटीएवढा कापलात तर २४ मेगापिक्सेलमधले पाऊणच उरतात. त्याचं स्टिकर करा आणि चिकटवा वहीवर.

सरमिसळ:

मला या सगळ्याचं हसू येतंय. मी आईबाबांना घेऊन रोम-फ्लोरेन्सला गेले होते. फक्त फोन. आईच्या गुडघ्यांची औषधं, बाबांची शुगरची किट, तिघांचे पासपोर्ट, छत्री, थेपले. यात ११४५ ग्रॅम कुठे बसवू? संध्याकाळी हॉटेलवर पोचेपर्यंत फोटो मावशी-मामींपर्यंत पोचलेले असायचे. तुमचे लाइटरूममधले फोटो तुमच्या आईंनी पाहिले का हो कधी?

आणि फोनचा नाइट मोड कसा असतो ते एकदा तरी वापरून बघा. ट्रेव्हीच्या कारंज्यासमोर रात्री एका हातात जेलाटो धरून काढलाय मी फोटो.

तिरपा डोळा:

@सरमिसळ, आईने पाहिले नाहीत. हा बाण वर्मी लागला.

पण नाइट मोडचं सांगतो. फोन तीन-चार सेकंदांत पुष्कळ फ्रेम घेऊन एकावर एक बसवतो. कारंजाच्या मागची भिंत हलत नाही म्हणून ती छान येते. बुडापेस्टला दोन नंबरची पिवळी ट्राम नदीकाठाने जाते, मागे उजळलेला किल्ला. तिचा फोटो बायकोच्या फोनवर आलाय त्यात ट्रामला दीड तोंड आहे आणि आतल्या बाईला तोंडच नाही. फुल फ्रेमचा (माझ्या डी७५०सारखा) सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चकती, ८६४ चौरस मिलिमीटर, ज्याला एक इंची म्हणून मिरवतात तो फोनचा सेन्सर ११६, आणि बहुतेक फोनांचा त्याहून लहान. अल्गोरिदमने कितीही लिंपलं तरी हा फरक हलत्या माणसावर उघडा पडतो.

सरमिसळ:

दीड तोंडाची ट्राम मामींना चालते.

श्टुटगार्टवासी:

इकडे राहून अकरा वर्षं झाली. दरवर्षी भारतातून पाहुणे येतात आणि दर वेळी मी हेच नाटक बघतो, म्हणून थोडं लांबण लावतो.

पहिलं म्हणजे, तुम्ही ज्याच्यासाठी लेन्स निवडताय त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा फोटो काढूच देत नाहीत. माद्रिदच्या प्रादोत बंदी. अ‍ॅमस्टरडॅमला चाललात म्हणून सांगतो: व्हॅन गॉग संग्रहालयात चित्रांचे फोटो काढू देत नाहीत, अ‍ॅन फ्रँकच्या घरात अजिबात नाही, राइक्सम्युझियममध्ये मात्र फ्लॅशविना खुशाल काढा. बुडापेस्टच्या संसदेत घुमटाखाली हंगेरीचा राजमुकुट आहे, तिथे कॅमेरा खाली. व्हॅटिकनच्या सिस्टीन चॅपेलची गंमत तर वेगळीच. तिथल्या चित्रांच्या सफाईचा खर्च एका जपानी दूरचित्रवाणी कंपनीने उचलला आणि बदल्यात चित्रणाचे हक्क घेतले. ती मुदत कधीच संपली, बंदी राहिली. ट्रायपॉड जवळपास कुठल्याच संग्रहालयात चालत नाही आणि पाठीवरची मोठी बॅग सामानघरात ठेवायला लावतात. म्हणजे सात किलोतले पाच किलो टोकन देऊन खुंटीला.

दुसरं, आणि हे कुणी बोलतच नाहीये, उजेड. मेअखेरीस पॅरिसला सूर्य पावणेदहाच्या आसपास मावळतो. आकाश निळं व्हायला सव्वादहा. नऊ वर्षांची मुलगी आणि आजी तेव्हा कुठे असणार? गादीवर. दिवसभर कुटुंबाबरोबर फिरताना डोक्यावर ऊन, पांढरं आकाश, चौकात गर्दी. त्या उजेडात १४-२४ काय आणि ३५ काय, पोस्टकार्डच.

पण भारतातून येणाऱ्यांना एक वरदान आहे. उन्हाळ्यात आपलं घड्याळ इकडच्या साडेतीन तास पुढे. पहिले तीन-चार दिवस पहाटे चारला टक्क जाग येते. सूर्योदय पावणेसहाच्या सुमारास. उठा, घरच्यांना झोपू द्या, नदीवर जा. रस्ते धुतलेले असतात, बेकरीवाला शटर वर करत असतो, पुलावर तुम्ही आणि एखादा धावणारा. आठला परत येऊन सगळ्यांबरोबर नाश्ता. तेव्हा न्या काय न्यायचं ते! टेली न्या, ट्रायपॉड न्या. कुणी “झिप लाव” म्हणणार नाही. दिवसा फक्त ३५.

कोकणकडा:

+१. बघा, टेली परत आली की नाही मागच्या दाराने!

तिरपा डोळा:

@श्टुटगार्टवासी, हा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता. प्रागला मीसुद्धा पहाटे चारला छताकडे बघत पडलो होतो, आणि फोनवर बातम्या वाचत होतो. आता स्वतःचा राग येतोय.

तरी एक शंका. पहाटेच्या दोन तासांसाठी ती दीड किलोची लेन्स हॉटेलात ठेवायची, पण हॉटेलपर्यंत कोण नेणार? व्हिएन्नाला आमची खोली चौथ्या मजल्यावर होती आणि लिफ्ट बंद. आईची बॅग माझ्याकडे, लेकीची माझ्याकडे, माझी तर होतीच.

रीळवाला:

ओझ्याचं रडगाणं पुरे. प्रागचेच छायाचित्रकार योसेफ सुदेक पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावून बसले. पुढे उभा जन्म त्यांनी लाकडी तिकाटणं आणि मोठाले कॅमेरे खांद्यावर टाकून तेच प्राग पालथं घातलं. एका हाताने. पॅरिसचे छायाचित्रकार अत्जे विसाव्या शतकातही १८ बाय २४ सेंटिमीटरच्या काचेच्या प्लेटा वाहत होते. प्लेटा! पडल्या तर फुटणाऱ्या. आणि आपण ३४३ पायऱ्यांवर धागा काढतोय.

मी स्वतः एक जुना कॅमेरा, ५० मिमी आणि सहा रोल नेतो. २१६ फोटो. रोज किती उडवायचे ते मोजून. विमानतळावर रोल हातात धरून वेगळे तपासायला सांगतो. नवीन सीटी स्कॅनरमधून गेले तर धुरकट होतात.

तिरपा डोळा:

@रीळवाला, सुदेक थोरच, पण त्यांच्याबरोबर “बाबा, शू” म्हणणारं कुणी होतं का? आणि ती शू अर्ध्या ते एक युरोला पडते, सुट्टे नाणं शोधेपर्यंत कॅमेरा कोण धरणार?

सरमिसळ:

😂 या धाग्यातला सगळ्यात खरा प्रतिसाद.

काटेकोर:

धागाकर्त्याला एक युक्ती. वाइड हवी तिथे ३५ उभा धरून तीन-चार फ्रेम घ्या, प्रत्येकात तिसरा हिस्सा एकमेकांवर येईल असं बघा, एक्स्पोजर मॅन्युअल ठेवा (उजेडाचं माप हाताने एकदाच ठरवून), घरी जोडा. सेंट व्हायटससुद्धा मावतं. माणसं हलती असली तर जोड दिसतो, हे वेगळे सांगणे नलगे.

कोकणकडा:

म्हणजे ९७० ग्रॅम वाचवायला घरी चार तास बसायचं. छान.

तिरपा डोळा:

बरं, आत्तापर्यंतचा माझा हिशेब: डी७५०, ३५ आणि (कोकणकडाशेठ, हसू नका) ८५. एकूण १४९५ ग्रॅम. ८५ पहाटेसाठी आणि सेंत-शापेलसाठी, दिवसा ती हॉटेलात. मूळ मथळ्यातली “एक लेन्स” गेली, पण संपादनाची मुदत संपलीय त्यामुळे मथळा तसाच राहील. पाठीची बॅग नाही, खांद्याला कापडी झोळी, वर आईची शाल. चोरांना शाल दिसेल. अतिरिक्त बॅटऱ्या केबिनच्या सामानात. आणि रोज रात्री दहा फोटो आईच्या फोनवर, हे सरमिसळताईंना कबूल करतो.

बायको विचारतेय, पहाटे चारला उठणार ते खरं का? घरी सातचा गजर तीनदा बंद करतोस.

श्टुटगार्टवासी:

वहिनींना सांगा, पहिले तीन दिवस उठेल. चौथ्या दिवसाची हमी नाही.

कोकणकडा:

हसत नाहीये. ८५ला हूड (लेन्सच्या तोंडाची उन्हाची झडप) घेताय ना? आणि चार्जर एकच नेताय की दोन? तिथे आपली बारीक दोन पिनांची प्लग बसते, तीन पिनांची नाही. मागे मी एक रात्र ॲडॉप्टर शोधत घालवलीय.