मदत हवी आहे: दोन चाइल्ड सीट आणि मध्ये आजी, कोणत्या गाडीत खरंच मावतं?

साताऱ्यात राहतो. महिन्यातून दोनदा खंबाटकी घाटातून पुणे. मुलं दोन: एक १० महिन्यांचं, दुसरं ४ वर्षांचं. बजेट ऑन-रोड १४ लाख, पेट्रोल, मॅन्युअल चालेल.

नेक्सॉन, एक्सयूव्ही ३एक्सओ आणि कायलॅक यादीत आहेत. तिघींना भारत एनकॅपचे (अपघात-सुरक्षा चाचणीचे) ५ स्टार आहेत, त्यामुळे स्टारवर निर्णय होत नाही. अडतंय ते मागच्या सीटच्या रुंदीवर.

धाकट्याची सीट उलट्या तोंडाची, मोठ्याची सरळ. दोन्ही आयसोफिक्सच्या (बेल्टऐवजी गाडीच्या सीटमधल्या कड्यांना क्लिपने अडकणाऱ्या), प्रत्येकी ४४ सेंमी रुंद. पुढच्या सीटसमोर एअरबॅग असल्याने उलट्या तोंडाची सीट पुढे लावणं बादच. सात सीटर सुचवू नका, पार्किंग बोळात आहे.

एका शोरूममध्ये सीट नेऊन बसवून पाहिल्या. क्लिप खट्‌कन बसल्या, दोन्ही खुणा हिरव्या. पण मधल्या बेल्टचं बकल मोठ्याच्या सीटखाली दबलं. बोटं घालूनही लागेना. शिवाय उलट्या सीटमुळे पुढची सीट इतकी सरकवावी लागली की गुडघे डॅशबोर्डला. सेल्समन म्हणाला, 'आजींना बेल्ट कशाला?' असो.

मोठ्याची सीट आयसोफिक्सऐवजी बेल्टने बांधून दोन बोटं बाजूला सरकवता येते, तेही करायची तयारी आहे.

तर या तिघींपैकी कोणत्या गाडीत दोन सीट लावून मधला तीन-पॉइंट बेल्ट प्रत्यक्ष लावून पाहिलाय? बकल पट्टीवर लोंबतं आहे की ताठ उभं?