टार्नीटच्या ताईंची जुनी माझदा : डिझेल घ्यावी की पेट्रोल?

प्रेषक : टार्नीट येथील सभासद

सप्रेम नमस्कार मंडळी,

येथे ऑस्ट्रेलियात, मेलबर्नच्या टार्नीट उपनगरात, आम्हाला घरात दुसरी गाडी घ्यायची आहे. एका विक्रेत्याकडे २०१५ सालची माझदा सीएक्स-५, डिझेल इंजिनाची, १ लाख १८ हजार किलोमीटर चाललेली, अशी पाहिली आणि ती मनात भरली. माझा रोजचा प्रवास म्हणजे सकाळी मुलांना शाळेत सोडून टार्नीट स्टेशनवर गाडी लावायची आणि संध्याकाळी तीच फेरी उलट करायची, म्हणजे दिवसाचे जेमतेम नऊ-दहा किलोमीटर. ओळखीच्या लोकांना विचारले, तर निम्मे म्हणतात डोळे झाकून घ्या आणि निम्मे म्हणतात या कंपनीच्या वाटेला जाऊ नका. भारतात असताना मी हे नाव फक्त शाळेच्या मिनीबसवर वाचले होते, ते म्हणजे ‘स्वराज माझदा’. ही तीच कंपनी आहे का, आणि तिच्याविषयी मते इतकी टोकाची का आहेत, हे जाणकारांनी कृपया लिहावे.

आपली,
टार्नीटहून

प्रेषक : ग्लेन वेव्हरली येथील सभासद

ताई, सप्रेम नमस्कार.

आपल्या प्रश्नाचे उत्तर एका ओळीत देता येईल आणि ते मी शेवटी देणारच आहे. पण निम्मे लोक एक आणि निम्मे दुसरे का सांगतात, हे समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागते. निवृत्तीपूर्वी माझे सारे आयुष्य इंजिनांच्या सहवासात गेले आणि गेली बारा वर्षे मी याच कंपनीची पेट्रोलवर चालणारी माझदा-३ चालवतो आहे, म्हणून सविस्तर लिहिण्याची परवानगी घेतो.

स्वराज माझदाशी नाते खरे आहे. पंजाब ट्रॅक्टर्स, माझदा आणि सुमितोमो यांनी मिळून १९८३ साली ती कंपनी काढली, आणि तिचे छोटे ट्रक व मिनीबस महाराष्ट्राच्या गावोगावी पोहोचले. पुढे माझदा त्यातून बाहेर पडली आणि २०११ मध्ये कंपनीचे नावही बदलून एसएमएल इसुझू झाले. माझदाने आपल्या मोटारी मात्र भारतात कधीच विकायला आणल्या नाहीत, त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांची या गाडीशी पहिली ओळख परदेशातच होते.

मूळ कंपनी हिरोशिमाची. १९२० साली ती स्थापन झाली तेव्हा तिचा धंदा बुचाचा होता आणि नाव होते तोयो कॉर्क कोग्यो. पुढच्याच वर्षी तिची सूत्रे जुजिरो मात्सुदा यांच्या हाती आली. त्यांनी तिला यंत्रांकडे वळवले आणि १९३१ साली ‘माझदा-गो’ नावाचा तीनचाकी ट्रक बाजारात आणला. हे नाव म्हणजे मात्सुदा यांच्या आडनावाचा ध्वनी आणि पारशी बांधवांचा ईश्वर अहुर मज्द यांचा मेळ आहे. अवेस्तेतील ‘मज्दा’ आणि आपल्या संस्कृतातील ‘मेधा’ हे एकाच मुळाचे शब्द आहेत, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. मुंबईत पारशी शेजाऱ्यांच्या सहवासात वाढलेल्या माणसाला तरी हे नाव परके वाटू नये.

६ ऑगस्ट १९४५ रोजी मात्सुदा यांचा सत्तरावा वाढदिवस होता. त्याच सकाळी शहरावर अणुबॉम्ब पडला. कारखाना स्फोटाच्या केंद्रापासून सुमारे पाच किलोमीटर दूर आणि हिजियामा टेकडीच्या आड असल्याने बराचसा शाबूत राहिला. शहरातील सरकारी इमारती उद्ध्वस्त झाल्यामुळे प्रांताचा कारभार काही काळ या कारखान्याच्या इमारतीतून चालला, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात तीनचाकी ट्रकांचे उत्पादन पुन्हा सुरू झाले. चार महिन्यांत! त्या शहराच्या पुनर्बांधणीत या ट्रकांनी सामान वाहिले आहे. कंपनीचे मुख्यालय आजही तेथेच आहे, आणि हिरोशिमाकर तिला आपली मानतात ते काही उगीच नव्हे.

आता मतभेदाच्या मुळाशी येतो. १९६० च्या सुमारास जपान सरकारला देशात मोटार कंपन्या कमी आणि मोठ्या हव्या होत्या. आपण कोणात तरी विलीन होऊन जाऊ, ही भीती या मध्यम आकाराच्या कंपनीला होती, म्हणून दुसऱ्या कोणाकडे नाही असे काहीतरी आपल्याकडे असावे, या विचाराने तिने १९६१ मध्ये जर्मनीच्या एनएसयू कंपनीकडून फेलिक्स वांकेल यांच्या रोटरी इंजिनाचा परवाना घेतला. या इंजिनात वर-खाली धावणारे दट्टे नसतात. साधारण इंग्रजी आठच्या आकाराच्या पोकळीत एक फुगीर त्रिकोण गरगर फिरतो. त्याच्या तीन टोकांवरच्या पट्ट्यांनी वायू अडवून धरायचा असतो, आणि त्या पट्ट्या थरथरून आतल्या भिंतीवर लाटांसारखे ओरखडे पाडीत. अभियंत्यांनी त्या ओरखड्यांना ‘सैतानाच्या नखांच्या खुणा’ असे नाव दिले होते. केनिची यामामोतो यांनी सत्तेचाळीस जणांच्या तुकडीसह अनेक वर्षे झगडून कार्बन आणि ॲल्युमिनियम यांच्या मिश्रणाच्या पट्ट्यांनी तो प्रश्न सोडवला आणि १९६७ साली ‘कॉस्मो स्पोर्ट’ रस्त्यावर आली. खुद्द एनएसयूला तेच इंजिन पेलवले नाही आणि काही वर्षांतच ती कंपनी दुसऱ्यात विलीन झाली. माझदाने मात्र १९९१ मध्ये त्याच तत्त्वाच्या इंजिनावर ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली, आणि ती जिंकणारी ती पहिली जपानी कंपनी ठरली.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. रोटरी इंजिन पेट्रोल जास्त पिते आणि तेलही थोडे थोडे जाळत राहते. १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले तेव्हा कंपनी बुडायच्या बेताला आली आणि सुमितोमो बँकेने तिला सावरले. १९७९ मध्ये फोर्डने सुमारे एक चतुर्थांश हिस्सा घेतला आणि १९९६ मध्ये तो ३३.४ टक्क्यांवर नेला. २००८ च्या मंदीनंतर फोर्डने तो विकायला काढला आणि २०१५ पर्यंत उरलासुरलाही विकून टाकला. रोटरीची आरएक्स-८ ही मोटार २०१२ पर्यंत निघत होती. तिची इंजिने इतकी लवकर दमत की अमेरिकेत कंपनीला इंजिनाच्या गाभ्याची हमी आठ वर्षांपर्यंत वाढवून द्यावी लागली. जुनी आरएक्स-८ स्वस्तात मिळते म्हणून कोणी घ्यायला निघाले, तर मी त्याला हात धरून थांबवीन. तरीही त्या गाडीवर जीव टाकणारे लोक आहेत, आणि ते खोटे बोलत नाहीत. मिनिटाला हजारो फेऱ्यांपर्यंत अलगद चढत जाणारे ते इंजिन ज्याने एकदा चालवले आहे, त्याला त्याचे वेड का लागते हे मी समजू शकतो.

फोर्डचा हात सुटत असतानाच या कंपनीने पुन्हा आपली वेगळी वाट धरली. इतर कंपन्या लहान इंजिनाला टर्बो, म्हणजे जादा हवा दाबून भरणारा पंखा, लावू लागल्या, तेव्हा माझदाने साध्या पेट्रोल इंजिनातच मिश्रण अधिक दाबून, म्हणजे आपल्याकडच्या गाड्यांत तेरास एक या प्रमाणात, अधिक काम काढले. ‘स्कायॲक्टिव्ह’ हे त्याचे नाव. माझ्या मते या कंपनीचे हे सर्वांत शहाणपणाचे काम आहे, कारण टर्बो नाही म्हणजे बिघडू शकणारा एक मोठा भाग कमी, आणि आतला पट्टा बदलण्याचा खर्चही नाही, कारण तेथे साखळी आहे. २०११ आणि २०१२ या दोन्ही वर्षांत माझदा-३ ऑस्ट्रेलियातील सर्वाधिक खपाची मोटार ठरली, आणि त्याआधी सलग पंधरा वर्षे तो मान येथेच बनणाऱ्या होल्डन कॉमोडोरचा होता. माझी स्वतःची गाडी १ लाख ९० हजार किलोमीटर चालली आहे. वेळच्या वेळी तेल, ब्रेकचे पॅड, टायर आणि बॅटरी यांपलीकडे तिने माझ्याकडे काही मागितलेले नाही.

डिझेलचे गणित निराळे आहे. त्याच्या धुरातली काजळी एका गाळणीत साठते आणि सुमारे सहाशे अंश तापमानाला ती जाळून टाकावी लागते. त्यासाठी महामार्गावर पंधरा-वीस मिनिटे सलग धाव हवी. दिवसाला चार-पाच किलोमीटरच्या दोन फेऱ्या मारल्या, तर इंजिन नीट तापतही नाही आणि गाळणी भरत जाते. ती जाळण्यासाठी इंजिन जादा डिझेल सोडते, त्यातले काही सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून इंजिनाच्या तेलात मिसळते आणि तेलाची पातळी कमी न होता उलट वाढते. माझदाच्या डिझेल गाड्यांच्या तेलपट्टीवर ‘पूर्ण’च्या वर एक फुलीची खूण मुद्दाम दिलेली असते, तेल तेथपर्यंत आले की ते तत्काळ बदलायचे, असा तिचा अर्थ आहे. म्हणून ताई, एका ओळीतले उत्तर असे : सीएक्स-५ अवश्य घ्या, पण पेट्रोलची घ्या.

आपला,
ग्लेन वेव्हरलीहून

प्रेषक : जिलाँग येथील सभासद

नमस्कार मंडळी,

काकांनी डिझेलविषयी जे लिहिले ते मी स्वतः अनुभवले आहे. माझी गाडी दुसऱ्या कंपनीची होती, तिचे नाव येथे लिहीत नाही. पत्नी ती फक्त घर ते दवाखाना अशी चालवत असे. दोन वर्षांत तीन वेळा दिवा लागून गाळणी बंद पडली, आणि प्रत्येक वेळी आम्हाला सांगितले गेले की चूक तुमच्या वापराची आहे. विकताना मात्र ‘तुम्ही रोज किती चालवता’ हा प्रश्न एकानेही विचारला नव्हता. त्याचे दुःख मला पैशांपेक्षा अधिक झाले.

काकांच्या लेखात एक गोष्ट राहिली आहे. गाडी चांगली असणे आणि ती बिघडल्यावर कंपनी चांगली वागणे या दोन वेगळ्या बाबी आहेत. आपल्या स्पर्धा व ग्राहक आयोगाने, म्हणजे एसीसीसीने, २०१९ मध्ये माझदा ऑस्ट्रेलियाविरुद्ध संघीय न्यायालयात दावा दाखल केला. नऊ ग्राहकांच्या सात गाड्यांचा तो प्रश्न होता. नव्या गाड्यांत एकदोन वर्षांतच गंभीर बिघाड वारंवार होऊ लागले, इंजिने बदलूनही ते थांबले नाहीत, आणि परतावा किंवा दुसरी गाडी मागणाऱ्यांना कंपनी सांगत राहिली की पुन्हा दुरुस्ती एवढाच उपाय तुम्हाला मिळू शकतो. २०२१ मध्ये न्यायालयाने ठरवले की ग्राहकांच्या कायदेशीर हक्कांविषयी कंपनीने ४९ वेळा खोटी किंवा दिशाभूल करणारी विधाने केली. आयोगाचा अनुचित वर्तणुकीचा वेगळा आरोप मात्र सिद्ध झाला नाही. २०२४ मध्ये कंपनीला १ कोटी १५ लाख डॉलरचा दंड झाला.

हे मी ताईंना घाबरवण्यासाठी लिहीत नाही. लाखो गाड्यांपुढे सात गाड्या म्हणजे काहीच नाहीत. परंतु आपले लोक ‘वॉरंटी संपली’ हे शब्द ऐकले की मान खाली घालून परत येतात, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. मोठा दोष असेल, तर परतावा घ्यायचा की दुसरी गाडी, हे निवडण्याचा हक्क कायद्याने ग्राहकाला आहे, आणि तो कंपनीच्या वॉरंटीवर अवलंबून नाही. परवानाधारक विक्रेत्याकडून घेतलेल्या जुन्या गाडीलाही, तिचे वय आणि किंमत लक्षात घेऊन, हे संरक्षण लागू होते. खासगी माणसाकडून घेतल्यास मात्र ते फारसे मिळत नाही.

आपला,
जिलाँगहून

प्रेषक : टार्नीट येथील सभासद

काका, दादा, दोघांचेही मनापासून आभार.

डिझेलचा विचार मी सोडला आहे. त्याच विक्रेत्याकडे २०१६ सालची, २.५ लिटर पेट्रोल इंजिनाची सीएक्स-५ आहे. ९६ हजार किलोमीटर चाललेली आणि किंमत दीड हजार डॉलरने अधिक. तो म्हणतो की रोडवर्दी प्रमाणपत्र दिले आहे, त्यामुळे वेगळी तपासणी करण्याची गरज नाही. हे बरोबर आहे का?

आपली,
टार्नीटहून

प्रेषक : ग्लेन वेव्हरली येथील सभासद

ताई,

नाही, हे बरोबर नाही. रोडवर्दी प्रमाणपत्र ब्रेक, टायर, दिवे, स्टिअरिंग अशा सुरक्षिततेच्या गोष्टींपुरते असते. इंजिन आणि गिअरबॉक्सची तब्येत त्यातून कळत नाही. विक्रेत्याशी संबंध नसलेल्या मेकॅनिककडून तपासणी करूनच घ्या, आणि विक्रेता तिला नकार देत असेल, तर ती गाडी सोडून द्या. पीपीएसआर या सरकारी नोंदवहीतली नोंद दोन डॉलरमध्ये पाहता येते. गाडीवर कर्ज आहे का, ती कधी अपघातात निकामी ठरली होती का, हे त्यात दिसते. लॉगबुकात सर्व्हिसचे शिक्के सलग आहेत की मध्ये दोन-दोन वर्षांची पोकळी आहे, हे स्वतः पाहा. इंजिन थंड असताना ते सुरू करायला लावा. आपण पोहोचण्यापूर्वीच कोणी गरम करून ठेवले असेल, तर बॉनेटवर हात ठेवताच कळते.

आणि गाडीची ओळखसंख्या घेऊन तिच्यावरची रिकॉलची, म्हणजे दोष आढळल्याने कंपनीने गाडी परत मागवून करायची, कामे पूर्ण झाली आहेत का, हे जरूर विचारा. ताकाता कंपनीच्या सदोष एअरबॅगचा सक्तीचा रिकॉल २०१८ मध्ये आला तेव्हा माझदासह अनेक कंपन्यांच्या गाड्या त्यात होत्या, आणि तेव्हापासून मी कोणत्याही जुन्या गाडीबाबत हा प्रश्न सोडत नाही.

येत्या शनिवारी सकाळी मी मोकळा आहे. नऊला निघालो, तर दहापर्यंत टार्नीटला पोहोचेन. विक्रेत्याला मी येणार असल्याचे सांगू नका, फक्त इंजिन सुरू न करता ठेवायला सांगा.

आपला,
ग्लेन वेव्हरलीहून

प्रेषक : टार्नीट येथील सभासद

काका, शनिवारी दहाला वाट पाहते. काकूंनाही सोबत आणा. गाडी पाहून झाली की जेवायला घरीच थांबायचे आहे.