मदत हवी आहे: गुडघे झिजलेल्या आईला रायगडावर जगदीश्वरापर्यंत कसं न्यावं?

नमस्कार मंडळी,

डिसेंबरात आईला रायगड दाखवायचा आहे. वय ७२, दोन्ही गुडघे झिजलेले. सपाटीवर काठी टेकत अर्धा तास चालते. पायऱ्या मात्र एकेक करून, दोन्ही पाय एकाच पायरीवर आणून मगच पुढची.

वडील शाळेत शिक्षक होते. दरवर्षी मुलांची सहल घेऊन रायगडावर जायचे आणि आई आदल्या रात्री जागून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून द्यायची. ती स्वतः कधीच गेली नाही. आम्ही लहान, आजी अंथरुणाला खिळलेली, मग राहूनच गेलं. गेल्या वर्षी वडील गेले. परवा त्यांची सहलीची वही सापडली. त्यात पेन्सिलीने काढलेली जगदीश्वराच्या देवळाची पायरी आणि खाली ठळक अक्षरात, गड बांधणाऱ्या हिरोजींची त्या पायरीवर कोरलेली ओळ, ‘सेवेचे ठायी तत्पर हिरोजी इटळकर’. आईने ते पान बराच वेळ हातात धरलं आणि म्हणाली, "बाकी काही नाही दिसलं तरी चालेल, मला ही पायरी बघायची आहे."

पायथ्यापासूनच्या हजार-दीड हजार पायऱ्यांचा प्रश्न नाही, हिरकणीवाडीतून रोपवेने जाऊ. माझी काळजी वर पोचल्यावरची आहे. मी स्वतः कॉलेजात असताना गेले होते, तेव्हा पायाखाली काय आहे याकडे लक्षच नव्हतं. रोपवेच्या वरच्या स्टेशनपासून जगदीश्वरापर्यंत पायऱ्या किती, उतार कुठे? घडीची व्हीलचेअर चालेल का? वर डोली मिळते का? आम्ही पुण्याहून स्वतःच्या गाडीने येणार. ताम्हिणीने यावं की महाडवरून?

प्रतिसाद १

ताई, मी सासऱ्यांना नेलं होतं, त्यांचंही गुडघ्याचंच दुखणं. व्हीलचेअर घरीच ठेवा. फरसबंदी उंचसखल आहे, चाकं अडकतात आणि बसलेल्या माणसाला हादरेच बसतात.

रोपवेतून उतरल्यावर मेणा दरवाजाकडे पायऱ्या चढाव्या लागतात. तिथे घाई करू नका, तोच पहिला कस. राणीवसा, राजसभा ओलांडून नगारखान्यातून बाहेर पडलात की होळीचा माळ, तिथे चालायला मोकळं. पुढे बाजारपेठ सरळ आहे, पण दुकानांची जोती चांगलीच उंच, म्हाताऱ्या माणसाला टेकता येत नाही. म्हणून घडीचं स्टूल बरोबर घ्याच. आम्ही दर पाच-सात मिनिटांनी बसवत होतो. बाजारपेठेनंतर उतार लागतो. जाताना बरं वाटतं, पण येताना तोच चढ असतो. तेव्हा दमायच्या आधीच परत फिरायचं धरून चाला. टकमक टोक, हिरकणी बुरूज या वेळी सोडून द्या.

देवळाच्या पूर्वेच्या दाराबाहेर महाराजांची समाधी आहे. तिथे आईंना सावकाश बसू द्या. आमचे सासरे अर्धा तास काही बोललेच नाहीत.

डोलीचं आणि रोपवेच्या वेळांचं निघायच्या आधी फोनवर विचारून घ्या. वारा जोराचा असला की रोपवे थांबवतात, त्यामुळे परतीला शेवटच्या फेरीवर विसंबू नका. शनिवार-रविवार टाळाच.

प्रतिसाद २

ताम्हिणीने निजामपूरमार्गे पाचाडला या, महाडचा वळसा वाचतो. घाटाची वळणं आईंना लागत असतील तर मधे दोनदा थांबा.

आणखी एक सुचवतो. गडावर जायच्या आधी पाचाडात जिजाऊंच्या समाधीपाशी थांबा. उतारवयात जिजाऊंना गडावरची थंड हवा, वारा मानवेना म्हणून महाराजांनी खाली पाचाडात त्यांच्यासाठी वाडा बांधला, असं सांगतात. ६ जून १६७४ ला राज्याभिषेक झाला आणि १७ जूनला त्यांनी पाचाडातच देह ठेवला. समाधी गावातच आहे, गड चढावा लागत नाही. समजा वाऱ्यामुळे रोपवे बंद राहिला, तरी आईंची फेरी रिकामी जाणार नाही. डिसेंबरातही वर वारा बोचतो, कानटोपी आणि शाल हाताशी असू द्या.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. पाचाडचं माझ्या डोक्यातच नव्हतं. आईला वाचून दाखवलं तर म्हणाली, "आधी तिथेच जाऊ."

आता असं ठरवलंय: सोमवारी दुपारी पाचाड, समाधी आणि वाडा बघून मुक्काम, मंगळवारी सकाळी लवकरच्या रोपवेने वर. स्टूल आजच आणलं. आई कालपासून सोसायटीच्या जिन्यावर सराव करतेय, कठडा धरून दोन मजले वर, दोन खाली. मधल्या चौकात थांबून गुडघ्याचा पट्टा सारखा करते आणि पुन्हा निघते. डोलीचं विचारून इथेच लिहीन.

आता एकच अडचण उरली आहे. पाचाडात किंवा हिरकणीवाडीत तळमजल्यावरची, कमोड असलेली खोली कुणाच्या माहितीत असेल तर कृपया कळवा. खाली बसायला तिला अजिबात जमत नाही.